चक्रीवरून काढलेला हात

देवावर भार टाकला म्हणता आणि पाठ वळताच तोच भार परत ओढून घेता. निदान माझ्यासमोर तरी असं बोलू नका. मी रोज पाहतो. मी सलाईनचा स्टँड बोलतोय.

एका शेडमध्ये पाइप कापून, वेल्डिंग करून मला उभं केलं. तेव्हा माझी पाचही चाकं सुरसुर पळायची. आता एक अडकतं, रंगाचे पोपडे निघालेत. तरी या वॉर्डात बाटली धरून ताठ उभा असतो. आजाऱ्यांपेक्षा मला त्यांचे नातेवाईकच जास्त कळले.

गेल्या आठवड्यात नऊ वर्षांची एक मुलगी माझ्या शेजारी आली, तापाने शुद्ध हरपलेली. तिचे वडील लिफ्ट दुरुस्त करतात. बिघाड दिसला की हात शिवशिवणारा माणूस. बाटली लवकर संपली की पोर लवकर उठेल, असं वाटून त्यांनी नळीवरची चक्री गुपचूप सैल केली. थेंबांची धार झाली. थोड्या वेळात मुलीला धाप लागली. सिस्टर धावत आल्या, चक्री आवळली, डॉक्टरांना बोलावलं. मुलगी थोडक्यात वाचली.

"दादा, ही लिफ्ट नव्हे," एवढंच सिस्टर म्हणाल्या.

त्यानंतर ते वॉर्डात टिकेनात. कधी दुसऱ्या दवाखान्याच्या चौकशीला जायचे, कधी नुसतेच फाटकापाशी उभे राहायचे. झोप तर उडालीच होती. शेवटी काल रात्री बायकोने विचारलं, "एकतर सगळं मुठीत धरायचं, नाहीतर पळ काढायचा. तिसरं काही जमतं का तुम्हाला?"

त्यांनी माझा दांडा धरला. मग हळूच म्हणाले, "देवा, मला येत होतं ते केलं. नको तेही केलं. पोर तुझी आहे."

चक्री हाताशीच होती. तिला न शिवता ते स्टुलावर बसले आणि लेकीच्या पायावर हात ठेवून भिंतीला टेकले.

ताप अजून उतरलेला नाही. उगाच गोड शेवट मी सांगणार नाही. पण तुमच्यावर अशी वेळ आली, तर औषध डॉक्टरांवर सोडा, पोर देवावर सोडा आणि जवळ बसा.

आज सकाळी सिस्टर त्यांना उठवून स्टूल सरकवणार होत्या. फरशी पुसणाऱ्या मावशींनी फडकं बादलीत टाकलं.

"राहू द्या, सिस्टर. तेवढी फरशी दुपारी पुसते. किती दिवसांनी निजलाय तो."