काट्यात शिरलेलं वारं

संदेशने स्वतः जोडलेल्या दोन खुर्च्यांच्या विमानात यशोधरा बसली ती केवळ भावाच्या आग्रहाखातर. तिच्यानंतर पाळी त्याच्या मुलीची, पिंकीची होती. पोरगी वडगावजवळच्या धावपट्टीवर केव्हाची नटूनथटून उभी होती. त्याआधी वेगाचा काटा बरोबर असल्याचं आत्यानं एकदा बघावं, म्हणजे घरचे गप्प बसतील, असा संदेशचा बेत. म्हणून उपग्रहावरून वेग सांगणारं जीपीएस आत्याच्या हातात दिलेलं.

घाटाच्या दिशेला, कुरवंड्याकडे जाताना काटा ताशी नव्वद किलोमीटरवर होता आणि जीपीएसवर मात्र पन्नास.

"जाताना वारं तोंडावर असतंय," संदेश म्हणाला. "येताना बघ."

परतताना काटा नव्वद आणि जीपीएसवरही नव्वद. स्वारी खूश. "ह्याच वाटंवर जुळवलाय मी काटा. उपग्रह खोटं बोलंल व्हय?"

यशोधरानं जीपीएसकडे पुन्हा पाहिलं. उपग्रह सांगतो तो जमिनीवरचा वेग. काट्यानं सांगायचा तो हवेतला. घाटातून येणारं वारं पाठीशी घेऊन या शहाण्यानं काटा जुळवला होता, आणि वाऱ्याची मेहनत विमानाच्या नावावर खपवली होती. पन्नास आणि नव्वद यांच्या मधला सत्तर, तोच विमानाचा खरा वेग. पंचावन्नच्या खाली गेलं की ते कोसळतं, हे संदेशनंच तिला सांगितलं होतं.

"दादा, काटा वीस जास्त दाखवतोय. उतरताना वेग कमी करू नकोस."

"तू गप बस. इमान मी बांधलंय."

गुडघे पत्र्याला टेकलेले, खांद्याला भावाचा खांदा, खाली भातखाचरं. इतकं कोंडल्यासारखं तिला उभ्या जन्मात वाटलं नव्हतं. धावपट्टी जवळ आली तसा काटा सत्तरवर उतरला, म्हणजे खरा वेग पन्नास.

"दादा, वेग वाढव. पाया पडते तुझ्या."

त्यानं काट्याकडे बोट दाखवलं. पुढच्या क्षणी विमानाखालचा आधारच गेला. माणूसभर उंचीवरून ते धाडकन आदळलं, उसळलं आणि तिरकं होऊन थांबलं.

"वारं पडलं मधीच," संदेश म्हणाला. उतरून त्यानं चाकं पाहिली, ती शाबूत होती. तेवढ्यात पिंकी धावत आली.

"येशे, उतर आता. पोरगी कवाची ताटकळलीय."

यशोधरानं कमरेचा पट्टा चाचपला आणि सोडायच्या ऐवजी कचकचून आवळला.

"न्हाई उतरत," ती म्हणाली. "काटा नीट कर. तवर ही खुर्ची माझी."