बांधाखालची बिऱ्हाडं

विजयश्रीनं धरणाच्या पायथ्याशी उकिडवं बसून पाझराखाली बाटली धरली. भरल्यावर ती उजेडाकडं नेली आणि रणजीतच्या हातात दिली. पाणी चहासारखं दिसत होतं.

"पाझर माझ्या लहानपणापासून आहे, मॅडम," रणजीत म्हणाला.

"तेव्हा स्वच्छ होता. गढूळ येतंय म्हणजे धरणाच्या पोटातली माती वाहून चाललीय." पाटबंधारे खात्याची ही तरुण अभियंता आवाज चढवत नव्हती. "दरवाजा उघडलाय, पण तळं उतरायला वेळ लागेल. वर डोंगरात पाऊस थांबत नाही. तुमच्या खोल्या आत्ताच रिकाम्या करा. शाळेत सोय केलीय."

रणजीतनं खाली पाहिलं. ओढ्याच्या काठानं त्याच्या पत्र्याच्या खोल्यांची रांग होती, चाकणच्या कंपन्यांत राबणाऱ्यांची बिऱ्हाडं. पूर्वी इथं ज्वारी असायची आणि ओढा फुगला की पीक घेऊन जायचा. म्हणून तर बहात्तरच्या दुष्काळी कामातून हे मातीचं धरण घातलं. पूर अडवायचा, एरवी अर्धं रिकामं राहायचं, एवढंच त्याचं काम. पुढं वस्ती वाढली, तहान वाढली आणि तळं बारमाही भरलेलं राहू लागलं. पूर येईनासा झाला, तशी रणजीतनं ज्वारीच्या जागी खोल्या उभ्या केल्या.

तो खाली उतरला. लोक दारात जमले.

"दोन दिवस शाळेत राहायला चला," तो म्हणाला. "खबरदारी म्हणून. तसं घाबरण्यासारखं काही नाही."

गेलेले भाडेकरू परत येतील का, हा विचार बोलता बोलताच त्याच्या मनात येऊन गेला.

लातूरकडचा रोहिदास नुकताच शिफ्टवरून आला होता. त्यानं रांगेच्या टोकाकडं बोट केलं. तिथं रणजीतचे वडील, हिंदुराव, आपल्या जुन्या घराच्या ओट्यावर वाल सोलत बसले होते.

"मग आबा कसे बसलेत निवांत? त्यांनी बांधलंय धरण, त्यांना ठाऊक. आबा हायेत तवर आम्हाला भ्याव नाही, शेठ."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. एक बाई आत जाऊन पुन्हा पीठ मळायला लागली.

रणजीत ओट्याशी गेला. तो स्वतः आकुर्डीच्या फ्लॅटमध्ये राहायचा. आबांनी मात्र हे घर सोडलं नव्हतं.

"चला, आबा."

"मला कुटं नेतोस? ह्या धरणावर म्या माती टाकलीय. तुझ्या आईनं पाट्या वाहिल्यात. आमी न्हाई भ्यायचो."

"तुमच्यासाठी नाही म्हणत. ती माणसं तुमच्याकडं बघून थांबलीत."

हिंदुरावांचे हात थांबले. रांगेतले लोक अजून दारातच होते. कुणी ओट्याकडं पाहत होतं, कुणी आभाळाकडं.

"तू काय सांगितलंस त्यांना?"

रणजीत चपलेनं चिखल उकरत राहिला.

म्हाताऱ्यानं मांडीवरची टरफलं झटकली, आत जाऊन वळकटी बांधली आणि ती डोक्यावर घेतली.

"मागच्या रस्त्यानं गाडी आणतो," रणजीत म्हणाला.

"नगं. चालत जातो."

ते खोल्यांच्या मधोमध निघाले. पाय घसरत होता, तरी कुणाचा हात धरला नाही. दारातली माणसं बाजूला होत गेली.

"आबा, कुठं निघालात?" रोहिदासनं विचारलं.

"शाळंत." हिंदुराव थांबले. डोक्यावरचं ओझं सावरत त्यांनी धरणाकडं पाहिलं. "म्हातारं झालंय ते, पोरा. आता त्याच्या जिवावर ऱ्हायचं न्हाई. गॅस बंद कर अन् लेकरं घे."

रोहिदासनं दोरीवरचे कपडे ओलेच ओढले. पीठ मळणारी बाई भरल्या हातानं बाहेर आली आणि आबांना जाताना पाहून तशीच आत पळाली. ट्रंका सरकल्याचे आवाज येऊ लागले.

ओढ्याला अगदी लागून असलेल्या खोल्यांची दारं मात्र बंदच होती. रात्रपाळीची पोरं आत झोपलेली. रणजीत तिकडं गेला. पहिल्या दारावर त्यानं थाप मारली. आतून कुणीतरी पेंगत विचारलं, काय झालं.

"उठा," तो म्हणाला. "धरण फुटेल."

मग तो पुढच्या दाराकडं गेला.