बिनपत्त्याचे दोन पाय

मित्रांनो, मी एक जुना फ्रीजर आहे, पण माझ्याकडे आइस्क्रीम मागू नका. माझ्या पोटात खेकड्यांचे पाय आहेत. एका खेकड्याचा एकच पाय घ्यायचा आणि त्याला पुन्हा ओढ्यात सोडायचं. त्याला नवा पाय फुटतो.

नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. आता मोटर धापा टाकते, तरी थंड राहायचा नेम मी मोडलेला नाही. वीज गेली की जीव टांगणीला लागतो. कारण हे खेकडे फार थोडे उरलेत आणि दगडाची खाण एकेक ओढा गिळत चालली आहे. ज्या ओढ्यातले खेकडे वेगळ्या कुळाचे ठरतील, तेवढाच ओढा सरकार खाणीपासून वाचवणार. कुळाच्या खुणा पायातल्या जनुकांत असतात. त्या शोधायचं काम आमच्या संशोधक ताईंचं.

खेकडे धरणारे एक आजोबा रानोमाळ हिंडून पाय आणत, एकेका नळीत एकेक घालत आणि ताईंनी दिलेल्या पक्क्या शाईच्या पेनानं नळीवर ओढ्याचं नाव लिहीत. शेवटच्या अकरा नळ्या देऊन ते गेले, ते कायमचेच.

मग एकदा माझ्यात बर्फ फार साचला. सफाईच्या मामांनी तो काढला आणि त्या अकरा नळ्या मायेनं स्पिरिटनं पुसल्या.

"बघा ताई, कशा लख्ख केल्यात!"

ताईंनी एक नळी उजेडात धरून फिरवून पाहिली. "मामा, खेकड्यांचं गावच पुसलंत हो!"

"पक्की शाई म्हणाला होतात ना?"

"पाण्याला पक्की, स्पिरिटला नाही. चूक माझी. वहीत उतरवायचं आज-उद्या करत राहिले."

मामांनी स्पिरिटची बाटली उचलून कपाटात बंद केली.

ताईंनी नाव शाबूत असलेल्या नळ्यांतून दोन ओढ्यांच्या वेगवेगळ्या खुणा हुडकल्या. ते दोन्ही ओढे वाचले. मग त्याच खुणांशी बिननावाचे पाय ताडून पाहिले. नऊ पायांना घर मिळालं. उरलेले दोन एकमेकांसारखे, पण त्या दोन्ही ओढ्यांशी जुळेनात.

"म्हणजे खुणा वाचायचं मशीन बिघडलं?" मामांनी विचारलं.

"नाही मामा. तिसरा ओढा आहे कुठेतरी. आजोबांनाच ठाऊक होता."

तेव्हापासून दोघं दर आठवड्याला शोधायला जातात, चिखलानं माखून येतात. अजून एकही पाय जुळलेला नाही.

मित्रांनो, कुणाचाही ठावठिकाणा लिहाल तर पेन्सिलीनं चिठ्ठीवर लिहा, चिठ्ठी नळीच्या आत ठेवा आणि त्याच दिवशी वहीत उतरवा. उद्यावर टाकू नका.

माझी मोटर आज दोनदा अडखळली. खाणीचे सुरुंग इथवर ऐकू येतात. तिसरा ओढा शोधायला गेलेले ताई आणि मामा अजून परतले नाहीत.