तीन रकाने आणि शनिवारचे पाच

मित्रांनो, वाचनालय शनिवारी पाचला अकरा मिनिटं कमी असताना उघडलं.

हे वाक्य चुकून आधी आलं. ज्यांनी वाचलं त्यांनी ते विसरून जावं. ज्यांनी वाचलं नाही त्यांचं अभिनंदन. वाचनालय अजून उघडलेलं नाही. उघडेल की नाही हे कुणालाच माहीत नाही, आणि मलाही नाही, असं आपण धरून चालू.

मी एक जुना फळा आहे. रंगानं पांढरा आहे, तरी फळाच आहे. एका कारखान्यात पत्र्यावर रंगाचा थर देऊन मला भट्टीत भाजलं आणि चारी बाजूंनी चंदेरी पट्ट्या ठोकल्या. माझ्याबरोबर दोनशे भावंडं होती. आम्ही इतके सारखे दिसायचो की मी नक्की मीच आहे ना, ही शंका मला अजूनही अधूनमधून येते.

माझी पहिली नोकरी एका कचेरीत, बैठकीच्या खोलीत. पहिल्याच दिवशी साहेबांनी माझ्यावर मोठ्या अक्षरांत ‘उद्दिष्टे’ असा शब्द लिहिला, खाली ‘१’ लिहिलं, आणि त्यांना फोन आला. ते बोलत बोलत बाहेर गेले. ते परत आले नाहीत. म्हणजे कचेरीत रोज यायचे, माझ्याकडे आले नाहीत. पेन न पुसणाऱ्या शाईचं निघालं. चार वर्षं मी तो शब्द आणि तो एकटा एक घेऊन उभा होतो. येणारे जाणारे मान डोलवायचे. कामं कुठं अडकली, कुणाकडे अडकली, कुणालाच सांगता येत नसे. पण उद्दिष्टे आहेत, याचं सगळ्यांना समाधान होतं. पुढं ती कचेरी बंद पडली. मला आश्चर्य वाटलं नाही.

मोडीत निघालेल्या सामानातून मला एका मुलीनं उचललं. ती पूल बांधणाऱ्या कंपनीत कामांचं नियोजन करायची आणि तीन आठवड्यांची रजा काढून मावशीच्या मदतीला आली होती. तिची मावशी म्हणजे सरकारी वाचनालयाच्या ग्रंथपालबाई. वाचनालय दोन गल्ल्या पलीकडे नव्या इमारतीत हलवायचं होतं. एकतीस हजार पुस्तकं, चारशे बारा पेट्या.

भाचीनं मला जुन्या वाचनालयाच्या भिंतीला टेकवलं, स्पिरिटनं घासून तो जुना शब्द काढला आणि काळ्या चिकटपट्टीनं माझे तीन रकाने पाडले. ‘करायचंय’, ‘चालू आहे’ आणि ‘झालं’. मित्रांनो, तो क्षण मी कधी विसरणार नाही. चार वर्षं मी नुसता पत्रा होतो. त्या दिवशी मला पोट, छाती आणि डोकं आल्यासारखं वाटलं.

ग्रंथपालबाई मात्र माझ्याकडे भाजीत पडलेल्या केसाकडे बघावं तशा बघत होत्या. पुस्तकं इथून उचलायची आणि तिथं ठेवायची, यात फळ्यावर लिहायचं काय, असं त्यांचं म्हणणं.

“मावशी, काम संपलं हे तुला कळणार कसं?” भाचीनं विचारलं.

बाई हसायला लागल्या, मग थांबल्या. चष्मा काढून त्यांनी पुसला.

“तिसऱ्या शनिवारी पाच वाजता मी निवृत्त होते. चौतीस वर्षं झाली गं. पाचच्या आत नव्या जागेत एका वाचकाच्या हातात मी पुस्तक ठेवलं, की संपलं. सोमवारी नव्या बाई येतील, त्याही ठेवतील. पण पहिलं मला ठेवायचंय.”

भाचीनं हेच वाक्य माझ्या कपाळावर लिहिलं. ‘शनिवारी पाचच्या आत, वाचकाच्या हातात, मावशीच्या हातून.’ नियोजनाची पहिली गोष्ट ही, मित्रांनो: शेवट कसा दिसतो ते आधी ठरवायचं. हे इतकं सोपं आहे की कुणीच करत नाही.

मग काम फोडायला सुरुवात झाली. ‘वाचनालय हलवणे’ हे काम नाही, ती धमकी आहे. तिचे तुकडे करून त्रेसष्ट कार्डं झाली आणि प्रत्येक कार्डावर एक नाव लिहिलं. एकच. ‘कपाटं लावणे’ या कार्डावर सुतारमामा आणि अनुक्रमराव अशी दोन नावं आली तेव्हा भाचीनं कार्ड फाडलं. दोघांची नावं असली की दोघंही दुसऱ्याची वाट बघत बसतात, असं तिनं समजावलं. सुतारमामा म्हणाले की आमच्या घरी गॅसचा नंबर लावायचं नेमकं असंच होतं.

अनुक्रमराव म्हणजे सहायक ग्रंथपाल. खरं नाव वेगळं असावं, पण ते वापरात नव्हतं. त्यांना दिसेल त्या वस्तूला क्रमांक देऊन वहीत नोंद करायची सवय होती. त्यांच्या छत्रीला क्रमांक होता. चपलेला दोन होते.

त्यानंतर क्रम ठरवला. फरशी झाल्याशिवाय रंग नाही, रंग वाळल्याशिवाय कपाटं नाहीत, कपाटांशिवाय पेट्या नाहीत. या कामांवरून भाचीनं लाल दोरा ओवला आणि बजावलं की दोऱ्यावरचं एक काम एक दिवस हुकलं तर शनिवारचा रविवार होईल. बाकीची कामं इकडं तिकडं झाली तरी चालेल. सुतारमामांना सगळ्यात आधी दारावरची पाटी कोरायची होती, कारण ती त्यांना आवडायची. पाटी दोऱ्यावर नव्हती. त्यांनी दोऱ्याकडे पुष्कळ वेळ बघितलं, पण तो हलला नाही.

दुसऱ्या आठवड्यात वाचनालय समितीचे अध्यक्ष आले. सगळं हलतंच आहे तर जाता जाता एक मत्स्यालय होऊन जाऊ द्या, असं त्यांनी सुचवलं. मग एक कारंजं. मग त्यांच्या वडिलांचा अर्धपुतळा. सगळ्यांचे चेहरे पडले. भाचीनं शांतपणे माझ्यावर चौथी पट्टी मारली, वर ‘शनिवारनंतर’ असं लिहिलं आणि तिन्ही गोष्टी सुवाच्य अक्षरांत त्याखाली टिपल्या. अध्यक्ष खूश होऊन गेले. मित्रांनो, माणसाला नकार नको असतो. त्याला रकाना हवा असतो.

एक फजिती सांगायला हवी. त्रेसष्ट कार्डांत ‘फळा हलवणे’ हेही एक कार्ड होतं. ते हलकं काम बघून पेट्या वाहणाऱ्या टेम्पोवाल्यानं पहिल्याच खेपेला मला उचललं आणि नव्या इमारतीत नेऊन रस्त्याच्या खिडकीसमोर टांगलं. माझं स्वतःचं कार्ड ‘झालं’मध्ये गेलं, याचा मला अभिमान होता. मात्र सगळी माणसं अजून जुन्या इमारतीत होती. आता काय करायचं हे वाचायला ती दिवसातून पाच वेळा दोन गल्ल्या चालत येत आणि परत जाईपर्यंत विसरत. अनुक्रमरावांचं वजन दोन किलो कमी झालं. त्यांनी तशी नोंद केली.

काय चुकू शकेल, हेही भाचीनं प्रत्येकाला लिहायला लावलं होतं. टेम्पोवाल्यानं ‘पाठ’ असं लिहिलं. सुतारमामांनी ‘बायको’ लिहिलं आणि नंतर खोडलं. अनुक्रमरावांनी लिहिलं, ‘काहीही चुकणार नाही. नोंदी पूर्ण आहेत.’

शुक्रवारी दुपारी चारशे बाराही पेट्या नव्या इमारतीत आल्या. निम्म्याहून जास्त पुस्तकं कपाटांत चढली. ‘झालं’मध्ये साठ कार्डं. सुतारमामा मागच्या खिडकीच्या जाळीचं कार्ड घेऊन आले आणि तेही तिकडं सरकवायला लागले.

“जाळीला स्क्रू किती?” भाचीनं विचारलं.

“आठ.”

“लावले किती?”

“दोन. पण झाल्यासारखंच आहे. उद्या सकाळी येऊन लावतो की.”

“मामा, ‘झाल्यासारखं’ असा रकाना नाहीये.”

कार्ड ‘चालू आहे’मध्येच राहिलं आणि खाली तिनं लिहिलं, ‘दोन स्क्रू’. मामा जरा रुसले. मग पाचला सगळे बाहेर पडले आणि दार ओढलं. ते दार ओढलं की आपोआप कुलूप लागणारं होतं.

शनिवारी सकाळी नऊला ग्रंथपालबाईंनी किल्ली मागितली. अनुक्रमराव म्हणाले की किल्ली सुरक्षित आहे. कुठं, असं विचारल्यावर त्यांनी वही उघडली. किल्ली ही वाचनालयाची मालमत्ता असल्यानं त्यांनी तिला क्रमांक देऊन, विषय ‘इमारती व बांधकाम’ धरून, पेटी तीनशे नव्वदमध्ये ठेवलं होतं. पेटी आत होती.

“आणि दुसरी किल्ली?” बाईंचा आवाज अगदी बारीक झाला.

“बाई, ती त्याच आवृत्तीची दुसरी प्रत. दोन्ही प्रती एकत्रच ठेवायच्या असतात. तुम्हीच शिकवलंत.”

बाई पायरीवर बसल्या. त्यांनी चौतीस वर्षांत खरोखरच हे शिकवलं होतं. कुलूपवाल्याचं दुकान सोमवारी उघडणार होतं. दार फोडायला वरच्या कचेरीची लेखी परवानगी लागते, आणि कचेरीही सोमवारी. सगळं काही सोमवारी होतं. बाई तेवढ्या सोमवारी नव्हत्या.

भाची रस्त्यावरच्या खिडकीपाशी आली आणि काचेला नाक लावून तिनं माझ्याकडे बघितलं. तिला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं. मी कधी इतका ताठ उभा राहिलो नव्हतो. ‘झालं’वरून तिची नजर मधल्या रकान्यावर आली आणि थांबली.

“मामा, स्क्रूड्रायव्हर आहे का?”

मामांनी खिशातून काढला. आधी लाजले, मग छाती काढून मागच्या बाजूला गेले. दोन स्क्रू निघाले आणि जाळी हातात आली. मामा स्वतः त्या खिडकीत मावले नाहीत. प्रयत्न मात्र त्यांनी दोनदा केला. भाची आत शिरली आणि दहाव्या मिनिटाला दार आतून उघडलं. शुक्रवारी ते कार्ड लाडानं ‘झालं’मध्ये गेलं असतं, तर त्या सकाळी जाळी घट्ट बसलेली आहे असंच सगळ्यांनी धरलं असतं आणि मागच्या बाजूला कुणी गेलंही नसतं. मी खोटं बोललो नाही, एवढंच माझं कर्तृत्व. ते थोडं नाही.

मामांनी आठही स्क्रू लावून जाळी बसवली आणि दिवसभर उरलेल्या पेट्या रिकाम्या झाल्या. अनुक्रमराव कुणाशी न बोलता तिघांचं काम करत होते. साडेचारला शेवटचं पुस्तक चढलं आणि एक गोष्ट सगळ्यांच्या एकदम लक्षात आली. त्रेसष्ट कार्डांत ‘वाचक आणणे’ हे कार्ड कुणी लिहिलंच नव्हतं.

रस्ता रिकामा होता. बाई टेबलामागं उभ्या होत्या आणि घड्याळाकडे बघत नाही असं दाखवत होत्या. टेम्पोवाला दोरखंड गुंडाळत होता. गुंडाळून झाल्यावर तो हात पुसत टेबलापाशी आला.

“बाई, एक विचारू? दोनशे सहा नंबरच्या पेटीत काय होतं? तीन आठवड्यांत तेवढी एकच पाठीत बसलीय. काय आहे ते बघावं म्हटलं.”

बाई कपाटाशी गेल्या आणि एक जाडजूड पुस्तक दोन्ही हातांनी उचलून आणलं. समुद्री प्रवासांचं, नकाशांसकट. टेम्पोवाल्याचं सभासद कार्ड त्यांनी स्वतः लिहिलं, शिक्का मारला आणि पुस्तक त्याच्या हातात ठेवलं. हात लगेच सोडला नाही. पाचला अकरा मिनिटं कमी होती.

“जड आहे हो,” टेम्पोवाला म्हणाला.

“पंधरा दिवसांत परत,” बाई म्हणाल्या, आणि मग त्यांना चष्मा काढावा लागला.

भाचीनं ‘पहिलं पुस्तक देणे’ हे शेवटचं कार्ड त्यांच्या हातात दिलं. बाईंनी ते ‘झालं’मध्ये लावलं आणि वर तळहातानं दाबून धरलं. पुरस्कार मिळालेले फळे असतील जगात. माझ्यावर तो तळहात पडला.

आता मी मागच्या खोलीत आहे. माझ्यावर कुणी न पुसणाऱ्या शाईनं ‘पंखा बंद करा’ असं लिहिलंय. खोलीत पंखा नाही. मित्रांनो, फळ्यावर लिहाल तेव्हा पुसता येईल असं लिहा आणि खरं तेच लिहा, एवढं माझ्यासाठी कराच. बाकीसाठी मी रीतसर अर्ज केला आहे:

‘प्रति, जगातील सर्व कामांच्या तारखा पुढे ढकलणारे अधिकारी, यांस. विषय: पूर्वपरवानगीबाबत. महोदय, सविनय विनंती की, यापुढे कोणत्याही कामाची तारीख बदलण्यापूर्वी संबंधित फळ्याची लेखी संमती तीन प्रतींत घेण्यात यावी. फळ्याचे उत्तर साठ दिवसांत न आल्यास तो नकार समजण्यात यावा. आपला विश्वासू, फळा.’