सहा टक्क्यांचा पुरावा

आखाडा बाळापूरच्या हळदीच्या गोदामात विश्वंभरराव मुनीम होते. त्यांचा माणसांवर विश्वास कमी आणि लक्ष्मीपूजनावर जास्त. गोदामात नवा सर्व्हर आला, तेव्हा त्यांनी जुन्याची डिस्क फेकू दिली नाही. अकरा वर्षं दिवाळीला जिला हळदकुंकू वाहिलं, ती लक्ष्मी बाहेर कशी काढायची? इंजिनीयर मुकुलनं परोपरीनं समजावलं आणि शेवटी कंटाळून तीच डिस्क नव्या मशीनमध्ये बसवली.

प्रोसेसर चौपट वेगाचा, पण पावती निघायला पाच मिनिटं लागायची ती लागतच राहिली. वजनकाट्यावर ट्रॅक्टरांची रांग लागली आणि वैतागलेले शेतकरी समोरच्या गोदामाकडे वळू लागले. मशीन नवं कोरं, तेव्हा खोट माणसातच, असं मुनीमकाकांनी ठरवून टाकलं. माणूस म्हणजे निलम, तांड्यावरून रोज जीपनं येणारी ऑपरेटर. घरात पगार आणणारी ती एकटीच. पण तिचा चुलतभाऊ भावसिंग समोरच्या गोदामात हमाली करायचा, आणि काकांच्या संशयाला एवढं खाद्य पुष्कळ झालं.

काका हातात घड्याळ घेऊन तिच्या खुर्चीमागे उभे राहू लागले. ती पाणी प्यायला उठली तरी यांची नजर दारापर्यंत पाठोपाठ. एकदा भावसिंगनं रस्त्यापलीकडून तिला हात केला, तर काकांनी तारीख-वेळ टिपून ठेवली. साठी उलटली, तरी चोर धरायची हौस काही जात नव्हती.

एके दुपारी निलमनं स्क्रीनवर आकडेच उघडून दाखवले. "काका, हे पाहा. प्रोसेसर सहा टक्के, डिस्क शंभर टक्के. प्रोसेसर नुसता बसून राहिला. जुनी डिस्क माहिती देईल तवाच त्यो काम करील. डिस्क बदला, दुसरं काई न्हाई."

काकांनी फक्त सहा टक्के वाचले. एवढं महागाचं मशीन आणि ही पोरगी त्याच्याकडून सहाच टक्के काम करून घेते. त्यांनी मालक शिवशंकरशेठना लगेच फोन लावला.

"पोरगी मुद्दाम मशीन हळू चालवून राहिली, शेठ. समोरच्याची माणूस आहे ती."

दुसऱ्या दिवशी निलमला निरोप गेला, येऊ नको म्हणून.

नवा ऑपरेटर आला. पावती पाच मिनिटांनीच. आता शेठनीच मुकुलला पाठवलं. त्यानं ती लक्ष्मी काढली, नवी डिस्क बसवली, आणि पावती दोन सेकंदांत बाहेर आली.

"काका," मुकुल म्हणाला, "आचारी कितीबी चलाख असू द्या, पीठ मूठमूठ आणून दिलं तर पोळ्या भराभर होतील का? निलमताईनं महिन्याखाली मला फोनवर हेच सांगितलं होतं, पण तुम्ही डिस्कला हात लावू देत नव्हता."

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पोरीच्या पोटावर आपण पाय दिला, आणि तीच बराबर बोलत होती. शेठ म्हणाले, तिला परत बोलवा. काका रस्ता ओलांडून भावसिंगकडे तिच्यासाठी निरोप द्यायला गेले. भावसिंगनं आत बोट दाखवलं.

आत कॉम्प्युटरवर निलम बसली होती.

"पोरी, चूक माझीच होती," काका म्हणाले. "शेठ बोलवून राहिलेत. चल."

निलमनं उठून त्यांना खुर्ची दिली, पाणी मागवलं.

"काका, तुमी मला समोरच्याची माणूस म्हनलात, तवा मी न्हवते. आता हाये."

आणि ती पुढच्या शेतकऱ्याची पावती काढायला बसली.