एक चूक ठेवजो

शाळा तपासाले डिपटी साहेब येणार, अशी गावात बोलवा झाली की माह्या सैपाकघरात वांग्यांचा ढीग पडे. कोणी वांगी आणे, कोणी कांद्याची पात, कोणी सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची जुडी. मी काही शाळेत शिकवत नव्हती. मी मास्तरांची बायको. पण मास्तरांच्या कानावर काही घालाचं असलं की लोक आधी माह्या चुलीपाशी येत, आन् रिकाम्या हातानं कसं यावं म्हणून वांगी आणत. शेवटी शेवटी आमच्या मास्तरांले ताटात वांगं दिसलं की घाम सुटे.

हे सारं त्या डोणगावच्या पोरापासून सुरू झालं. तिकडं मेहकराकडं म्हणे कोण्या पोराले डिपटीनं वरच्या वर्गाचे सवाल इचारले, त्यानं पटापट सांगतले, आन् डिपटीनं त्याले दुसरीतून उचलून चौथीत बसवलं. ही बातमी नांदुऱ्याच्या बाजारातून आमच्या गावात आली आन् माय बाई, हप्त्याभरात घरोघरी पंडित निघाले. ज्या पोराले नाक पुसाची अक्कल नाई, त्याचा बापही मास्तरांले म्हणे, याले जरा वरचं इचारून पाहा. रंगरावचं पोरगं तिसापर्यंत पाढे म्हणे, धडाधड. पण मधलाच एखांदा इचारला की बिचारं पुन्हा बे एके बेपासून निघे आन् तिथवर पोचेपर्यंत शाळा सुटे. रंगराव म्हणे, पोचते तर खरं ना?

मास्तरांनी साऱ्यांले वाटेले लावलं आन् एकच नाव ठेवलं. निवृत्तीची कोकिळा.

आमचे मास्तर कोणाची तारीफ करतील तर शपथ. इतकी वर्षं माह्या हातची पुरणपोळी खाल्ली, पण "बरी झाली" एवढं कधी तोंडातून निघालं नाई. ते एक दिवस जेवता जेवता म्हणाले की ही पोरगी माह्याही पुढं जाईन. मले तर आधी पोरीचा राग आला, खरं सांगतो. मंग कौतुक वाटलं.

कोकिळा आठ वर्षांची, दुसरीत. आमची शाळा म्हणजे एक लांबच लांब खोली आन् चारी वर्ग तिच्यातच. मास्तर चौथीले शिकवत तवा दुसरीनं पाटीवर गिरवत बसाचं. कोकिळा गिरवे, पण तिचे कान चौथीत बसलेले. चौथीतला एखांदा घोडा अडला की हिचे ओठ हालत.

तिचा बाप निवृत्ती मळ्यात भाजीपाला काढे आन् बाजाराच्या दिवशी गाडी भरून नांदुऱ्याले नेई. मेथीच्या जुडीसंगं पोरीची तारीफ फुकट. गिऱ्हाईक भाजी निवडून राह्यलं की हा सांगून राह्यला, माही कोकिळा औटकी म्हणते, साडेतीनाचा पाढा, चौथीच्या पोरांले येत नाई. आमच्याकडं तो पुढच्या दारानं येई आन् मास्तरांपाशी तासभर तेच दळण दळे. आन् त्याच वक्ती मागच्या दारानं त्याची बायको झुंबरबाई येई आन् माह्यापाशी नेमकं उलटं सांगे. पोरगी निरी बावळी आहे बाई. चूल पेटव म्हटलं तर घरभर धूर करते. मास्तरांले काऊन ती हुशार वाटते, देव जाणे.

मले पहिल्यांदा हसू ये. मंग कळलं, आन् हसू गेलं. झुंबरबाईचं पहिलं लेकरू, पोरगा, असं गुटगुटीत होतं की बारशाले आलेली एक बाई भर मांडवात म्हणाली, काय देखणं लेकरू आहे. ते लेकरू तापानं गेलं. तवापासून झुंबरबाईनं कोकिळेले चांगलं म्हणून एक शब्द तोंडातून काढला नाई. आठ वर्षांची झाली तरी गालावर काजळाची तीट लावल्याशिवाय पोरीले उंबरा ओलांडू देत नव्हती. शाळेतली पोरं हसत. कोकिळा म्हणे, हसू द्या, त्यानं माह्या आईले झोप लागते.

पण पोरगी वर चढावी ही तगमग बापापेक्षा या आईलेच जास्त होती. कारण कोकिळेचा आजा, भगवंतराव. म्हातारा एका शब्दाचा. त्यानं सांगून टाकलं होतं की पुढच्या चैतापर्यंत शाळा, मंग पोरगी घरात, सोयरीक पाहाची. म्हणजे कोकिळेपाशी एकच वर्ष. सरळ गेली असती तर तिसरी झाली असती आन् पाटी माळ्यावर. एकदम चौथीत बसली तर चौथी पास होऊन निघाली असती. झुंबरबाई स्वतः 'क'पासून निघालेली आन् 'थ'पाशी तिचं लगीन झालं. हे ती हसत सांगे, आन् मंग विनाकारण माह्या चुलीत फुंकर घालत बसे.

डिपटी येणार त्याच्या आदल्या दिवशी ती आली आन् दार लोटून घेतलं.

"बाई, उद्या सारा गाव पाहीन," ती म्हणाली. "पोरीनं सारंच बरोबर सांगतलं तर तिले नजर लागल्याबिगर राहणार नाई. म्या तिले सांगून ठेवलं, एक चूक ठेवजो. सोप्यातली सोपी. गालाले तीट लावतो ना, तशी."

एका चुकीनं काही बिघडत नाई ना, असं तिनं दोनदा इचारलं. मी नाई म्हटलं. मागचा डिपटी भला माणूस होता, एखाददुसरी चूक पोटात घाले. झुंबरबाईचा जीव भांड्यात पडला. वांगी ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नांदुऱ्याच्या टेसनावरून निवृत्तीनं हाकलेल्या बैलांच्या दमणीत बसून जो डिपटी आला, तो भलताच. वाळकुडा, चष्मेवाला, पोटाचं दुखणं असलेला. त्याच्यासाठी मी भरली वांगी केली होती. त्यानं फक्त ताक मागतलं. मास्तर ताक न्याले आत आले तवा त्यांचं तोंड उतरलेलं. हा नवा साहेब लय कडक, म्हणाले. वरच्या वर्गात उडी मारणाऱ्याले चुकाची मुभा नाई, एक चुकलं की खाली बस. मी म्हटलं, मेली पोरगी.

मी मागच्या दारानं शाळेकडं धावत गेली. शाळेच्या अंगणात लिंबाखाली साहेबाची खुर्ची, पुढं सारे बाप्ये, म्हातारा भगवंतराव खाटेवर, आन् बाया भिंतीच्या आडोशाले. झुंबरबाईले बाजूले ओढून सांगतलं. तिचा चेहरा असा पांढरा पडला की मीच तिले धरलं. पण कराचं काय? कोकिळा साहेबापुढं उभी राह्यलीही होती. बाप्यांच्या मधून बाईनं जाऊन पोरीच्या कानात काही सांगावं, असा तो जमाना नव्हता.

साहेबानं चौथीचं पुस्तक उघडून वाचाले दिलं. कोकिळेनं ते मळ्यातली वाट चालावी तसं वाचलं. मंग त्यानं औटकी मधूनच इचारली, औट सत्ते किती? साडेचोवीस. औट नव्वे? साडेएकतीस. पाटीवर हिशेब घातला, तो साहेबाचं बोलणं संपायच्या आत झाला. नकाशावर पूर्णा दाखवली, तापी दाखवली. रंगरावही मान हालवाले लागला. निवृत्ती तर असा फुगला होता की सदऱ्याच्या गुंड्या तुटतील. आन् भिंतीआड झुंबरबाई माहा हात पिळून राह्यली होती. लेकीनं अजून चूक केली नव्हती, आन् ती करणार हे आम्हा दोघींलेच ठाऊक.

मी पदर हालवला. नाई, नाई, अशी मान हालवली. कोकिळेनं मले पाह्यलं आन् समजूतदारपणे मान डोलावली, की हो काकू, ध्यानात आहे माह्या.

साहेबाचा चेहरा पहिल्यांदा निवळला. पुस्तक मिटलं, ताकाचा घोट घेतला आन् पोरीशी जरा गोड बोलावं म्हणून इचारलं, "बरं बाळ, सूर्य कुठं उगवतो?"

"मावळतीले," कोकिळा ठसक्यात म्हणाली.

साहेबानं पुन्हा इचारलं. पुन्हा मावळतीले. आमच्या मास्तरांनी कपाळाले हात लावला. साहेबानं चष्मा पुसला आन् एवढं सारं येते तर हे काऊन चुकली, असं इचारलं. पोरीनं जसं होतं तसं सांगतलं. आईनं एक चूक ठेवाले सांगतली. बाकी सारं सांगून झालं होतं, हेच सोपं उरलं होतं, म्हणून हीच ठेवली. गालाले तीट असते ना साहेब, तशी.

साहेबानं तिच्या गालाकडं पाह्यलं. तीट होती.

"ही चूक मुद्दाम केली, हे मी कशावरून मानू?" तो म्हणाला. निवृत्ती तटकन उठला आन् माही पोरगी म्हणजे, असं सुरू करणार तेवढ्यात साहेबानं हात वर केला. तुमचं मी टेसनापासून ऐकत आलो आहे, म्हणाला, बापाची साक्ष नको. "मुलीची आई इथं असेल तर तिनं सांगावं. मुलगी हुशार आहे की नाही, एवढंच. मग मी लिहितो."

अवो, तुम्हाले काय सांगू. बाईनं बाप्यांपुढं बोलाचं हे तर होतंच. पण जो शब्द तिनं आठ वर्षं दातांमागं दाबून ठेवला, तो सासऱ्यादेखत, गावादेखत, परक्या माणसापुढं बोलाचा. मले वाटलं ही पळून जाईन. तिनं पदर कपाळाच्या खाली ओढला, भिंतीआडून एक पाऊल पुढं आली, आन् आवाज फुटला तो असा की लिंबावरचे कावळे उठले.

"हुशार आहे माही पोरगी. लय हुशार आहे. गावात तिच्यासारखं कोणी नाई."

आन् बोलून झाल्यावर तिनं तोंडावर हात दाबला. पहिल्या लेकराच्या मांडवात पुन्हा उभी असल्यासारखी ती दिसत होती. माह्या डोळ्यांले धारा लागल्या.

तेवढ्यात निवृत्ती ओरडला. ज्या माणसानं नांदुऱ्याचा बाजार पोरीच्या तारीफेनं किटवला होता, तो बायकोकडं पाहत ओरडला, "कायची हुशार साहेब? बुद्धू आहे निरी. भाकर थापाले बसवली तर नकाशा थापते."

हो हो, आमचं बावळंच आहे, म्हाताऱ्या भगवंतरावानं खाटेवरून री ओढली. मंग जो तो सुरू झाला. वेंधळी आहे, झोपाळू आहे, बैल कोणता अन् गाय कोणती तिले कळत नाई. गावातल्या साऱ्या बाप्यांनी मिळून त्या लेकराची अशी नालस्ती केली की इचारू नका. रंगरावनं तर मनापासून केली. कोकिळा मधोमध उभी राहून खुदुखुदू हसत होती. आन् झुंबरबाईनं तोंडावरचा हात हळूहळू खाली घेतला.

साहेबाले हसताना ताकाचा ठसका लागला. ठसका ओसरल्यावर त्यानं लिहिलं, चौथी.

पुढच्या चैतात म्हाताऱ्यानं शब्द पाळला, पोरगी शाळेतून काढली. म्हाताऱ्याचा मले अजून राग येते. पण तवर ती चौथी पास झाली होती. निकालाच्या दिवशी झुंबरबाई मागच्या दारानं आली, वांगी ठेवली, आन् पोरगी पास झाली का, हे न इचारता पहिला सवाल केला की एखांदं चुकली ना? मास्तर म्हणाले, एक गणित चुकली. झुंबरबाईनं हात जोडले. माही शहाणी लेक, म्हणाली, माहा शब्द पाळला तिनं. आन् पहिल्यांदा माह्यादेखत तिनं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली.

ती गेल्यावर कोकिळा मागं रेंगाळली. माह्या कानाशी आली.

"काकू, ते गणित खरंच चुकलं," म्हणाली. "पण आईले सांगू नका."