चैतीचे ठेवणीतले दगड

मित्रांनो, खुंटीला टांगलेली ही मळकी दोरी पाहून तुम्हाला वाटेल, कुणाच्या तरी बैलाचे दावे असावे. येणारेजाणारे तसेच म्हणतात आणि मला अजूनही राग येतो. मी दावे नाही, गोफण आहे. एका बाजूने उसवले आहे, उंदरांनी दात लावून पाहिले आहेत, पण गोफणच आहे. बसा जरा. माझी गोष्ट फार लांबलचक नाही.

जव्हारला राजांचे राज्य होते तेव्हाची मी. दाभोसा गावाच्या वरच्या अंगाला, नदीजवळच्या पाड्यावर ढवळू नावाचा शेतकरी राहत असे. त्याची बहीण कोंडी, तिने मला वळले. अंबाडीची ताटे तिने पाण्यात कुजवली, वाख सोलून धुतला, उन्हात वाळवला आणि मांडीवर तळहाताने पीळ देत दोन लांब दोऱ्या केल्या. मधोमध दगड बसेल एवढी झोळी विणली. एका दोरीच्या टोकाला बोट अडकवायला फासा, दुसरीच्या टोकाला मोकळा झुपका. गरगर फिरवून दोरी सोडली की या झुपक्याचा असा कडाका निघायचा की पलीकडच्या टेकाडावर चरणारी गुरे माना वर करायची.

ढवळूच्या हातात मी असताना आमचा दरारा होता. भात पिकले की तो शेतातल्या माळ्यावर उभा राहायचा. चार खांबांवर बांधलेला तो उंच माळा म्हणजे आमचे सिंहासन. पोपटांचा थवा खाली वळला की ढवळूचा दगड त्यांच्या पुढ्यातून सणसणत जाई आणि सगळा थवा कलंडून दुसऱ्या डोंगराकडे निघून जाई. एकाही पाखराला त्याने कधी लागू दिले नाही. नुसते वळवायचा. पाड्यावरचे लोक म्हणत, ढवळूची गोफण वाजली, आता खुशाल जेवायला बसा. खरे सांगते, मला तेव्हा वाटायचे की त्या शेतात भात पिकते ते माझ्याच जिवावर.

पुढे ढवळू रानात लाकूडतोडीच्या कामाला जाऊ लागला आणि राखणीचे काम त्याच्या लेकीकडे आले. चैती तिचे नाव. दुधाचे दात पडून नवे आलेले, केस कायम डोळ्यांवर. पहिल्या दिवशी तिने दगड उचलून माझ्या झोळीत ठेवला. मी ताणून सज्ज झाले. तिने तो पुन्हा बाहेर काढला, जिभेने ओला केला, उन्हात धरून फिरवून पाहिला आणि ओटीत टाकला. दुसऱ्याचे तेच. तिसऱ्याचेही तेच. दुपार झाली तरी एक दगड सुटला नाही. इकडे तिची ओटी भरून खाली ओघळायला लागली आणि मी माझ्या नशिबाला बोल लावत बसले.

चैतीला दगडांचे वेड होते. कोरडा दगड आपला रंग लपवतो, ओला केला की दाखवतो, असे ती धाकट्या भावाला, माघ्याला समजावून सांगायची. तिच्याकडे हिरव्या ठिपक्यांचा एक होता. एकावर डोळ्यासारखी वळी होती. एक तांबूस आणि इतका गुळगुळीत की हातात ठरायचा नाही. हे सगळे ठेवणीतले दगड माळ्याच्या कोपऱ्यात एका फुटक्या सुपात असत. पाखरांसाठी ती शेतातल्या चिखलाच्या गोळ्या वळून उन्हात वाळवायची आणि त्याच माझ्यातून मारायची. दगड फेकणे तिच्या जिवावर यायचे. फेकला की तो कुठे पडला याचाच तिला घोर लागायचा.

माझा उपयोग तिने भलताच लावला. कुठेही निघाली की मी तिच्या कमरेला आणि सापडलेला दगड माझ्या झोळीत. सुरुवातीला मला हे अपमानाचे वाटे. मी फेकण्यासाठी जन्मलेली आणि ही मला वाहायला लावते! पण मित्रांनो, एखादी गोष्ट आपल्यात हळूच कुणी ठेवली की आपोआप आपण ती जपायला लागतो. मी झोळी आवळून धरायला शिकले. झोळीत आलेला प्रत्येक दगड मला अंगाने ओळखू यायचा.

त्या घराबरोबर मी पुष्कळ हिंडले. सगळी मिळून ओढ्याला खेकडे धरायला जात. चैतीची आई, सुकी, दगड उलटायची ती खालच्या खेकड्यासाठी, आणि चैती धावायची ती वरच्या दगडासाठी. खेकडा दोघींच्या मधून निसटून जायचा आणि माघ्या हसून हसून पाण्यात बसायचा. ढवळू कपाळावर हात मारून घ्यायचा. एरवी तो अबोल, पण ओढ्यावर त्यालाही हसू आवरायचे नाही.

एका वैशाखात सगळी धबधब्याखाली मासे धरायला गेली होती. पाणी आटून बारीक धार राहिली होती. ढवळू माघ्याला घेऊन खालच्या डोहावर होता. कड्याच्या अंगाला, हात पोहोचणार नाही अशा जागी एक पोकळी होती आणि तिच्यात काहीतरी चकाकत होते. चैती ते पाहून खुळावली. सुकीने खाली डोहाकडे नजर टाकली, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि लेकीला खांद्यावर उभे केले. पोकळीत पांढऱ्या टोकदार दगडांचे जावळ दाटले होते. त्यातला एक सुटा तुकडा चैतीने माझ्या झोळीत ठेवला आणि दोरीने मला खाली सोडले. दुधासारखा पांढरा, आणि कडेने बघितले तर उजेड आरपार. मायलेकी तो कितीतरी वेळ बघत बसल्या.

"बाला सांगू नको हां," सुकी म्हणाली. ढवळूला अर्थातच कळले होते. दोघींचे गुडघे खरचटलेले होते.

ढवळू वाईट होता असे मात्र समजू नका. आषाढ-श्रावणात त्या घरातल्या कणगीच्या तळाला हात लागायचा. मग रानातले कंद उकडून खायचे आणि नव्या भाताकडे डोळे लावून बसायचे. एका कोपऱ्यातले दाणे पाखरांनी नेले तर कुणाच्या ताटातले ते गेले, हे त्याला मोजता येत होते. त्या वर्षी भादव्यात चैती पांढरा दगड उन्हात धरून त्यातले रंग बघण्यात गुंगली आणि पोपटांनी शेताचा खालचा कोपरा साफ केला. ढवळूने सुपासकट सगळे दगड उचलले आणि तरातरा नदीकडे निघाला. चैती मागून धावली नाही, रडलीही नाही. मला घट्ट धरून माळ्याखाली उभी राहिली. काठावर जाऊन तो थांबला आणि सूप तसेच घेऊन परत आला.

"चैते, दगड शिजवून घालशील काय आम्हाला?" सूप खाली ठेवत तो म्हणाला. "आणिक एक कोपरा गेला, त अख्खे डोहात टाकीन. मग रडायचं नाय."

त्या दिवसापासून चैती राखणीला बसली की सुपाकडे पाठ करून बसायची.

दसरा आला. जव्हारला राजांची स्वारी निघायची, ती बघायला गावोगावचे लोक चालत जात. ढवळू आणि सुकीही गेली. जाताना ढवळू माळ्याखाली थांबला. भात पिवळे पडून वाकले होते, चार दिवसांत कापणीला येणार होते. तो एकदा शेताकडे आणि एकदा लेकीकडे बघून निघून गेला. पोरांच्या सोबतीला कोंडी आत्या येऊन राहिली.

नेमके आदल्या रात्री हस्ताच्या पावसाने जाता जाता झोडपून काढले होते. सकाळी चैतीने गोळ्यांची टोपली उघडली तर आत नुसता चिखल. तिने नव्या गोळ्या वळल्या, उन्हात मांडल्या. पण वाळायला वेळ हवा. आणि शेताभोवती दगड कुठले? हाताला येईल असा प्रत्येक दगड तिनेच वेचून पारखलेला. साधे होते ते कोंडी आत्याने बांधात चिणून टाकलेले, आणि नदीवर जावे तर शेत उघडे पडणार. चैतीने आत्याला हाक दिली, पण आत्या घराकडे, खूप लांब.

दुपारी थवा आला. एवढा मोठा मी ढवळूच्या काळातही पाहिला नव्हता. चैतीने मला रिकामेच फिरवून कडाका काढला. पोपट उठले आणि परत बसले. पुन्हा कडाका, पुन्हा बसले. पाखरे शहाणी असतात, पोकळ धमकी त्यांना लगेच कळते. खाली माघ्या ओरडत, पत्र्याचा डबा वाजवत बांधावरून पळत होता. त्याला कुणी भीक घालीना.

मग चैतीने सुपात हात घातला.

पहिला तांबूस गुळगुळीत. तो माझ्या झोळीत आला तेव्हा तिच्या तळहाताचा घाम मला लागला. ती बापाची लेक होती, एवढी वर्षे मलाही ठाऊक नव्हते ते. दगड थव्याच्या पुढ्यातून गेला आणि थवा उठला. पण लगेच वळसा घेऊन परत आला. मग डोळ्याच्या वळीचा. मग हिरव्या ठिपक्यांचा. प्रत्येकाला ती एकदा मुठीत दाबायची आणि मगच माझ्यात ठेवायची. पुढे पुढे तिला समोरचे दिसत नव्हते, डोळे भरून आले होते, तरी हात चुकत नव्हता. शेवटी सुपात पांढरा तेवढा उरला. थवा खालच्या कोपऱ्यावर उतरू लागला होता. मित्रांनो, मी गोफण आहे, दगड सुटावा हाच माझा धर्म. पण त्या वेळी मनापासून वाटले, माझी दोरी तुटावी.

दोरी तुटली नाही. पांढरा दगड उन्हात एकदा लकाकला आणि भातात कुठेतरी बुडाला. थवा कलंडला, नदी ओलांडून गेला आणि त्या दिवशी परत आला नाही.

दुसऱ्या दिवशी ढवळू आणि सुकी परतली. येताना पोरांना गूळ आणला होता. ढवळू आधी शेताभोवती फिरून आला. एकही कोपरा गेला नव्हता. खुशीत माळ्यावर चढला आणि रिकामे सूप त्याच्या नजरेला पडले. माघ्यानेच गूळ चघळत सांगून टाकले, "बा, चैतीनं तिचे दगड पोपटांना दिले."

ढवळूने सूप उचलून मांडीवर घेतले आणि खालच्या पिकाकडे पाहिले. उभ्या पिकात शिरून शोधता येत नव्हते, दाणे झडले असते. त्या चार दिवसांत तो रोज सकाळी बांधावरून भात न्याहाळत फिरायचा.

कापणी झाली, भारे खळ्यावर गेले. त्या सकाळी कुणी कुणाला सांगितले नाही, पण ढवळू शेताच्या एका टोकाला गुडघ्यांवर बसला आणि भाताची धसकटे हाताने बाजूला सारत पुढे सरकू लागला. त्याच्या शेजारी सुकी, पुढे माघ्या. कोंडी आत्या कमरेला हात लावत का होईना, वाकली. मला कमरेला बांधून चैतीही बसली. अख्खे घर दगड शोधत होते. हिरव्या ठिपक्यांचा सुकीला सापडला. तांबूस माघ्याला मिळाला, तर त्याने तो आधी चाटून पाहिला. पांढरा मात्र मिळेना. ऊन डोक्यावर आले, सुकी म्हणाली राहू दे आता. ढवळू उठला नाही. त्याच्या गुडघ्यांना चिखल लागला होता, तळवे धसकटांनी ओरबाडले होते.

मग एकदम तो उभा राहिला आणि मूठ मिटून चैतीकडे आला. चेहरा असा उजळलेला मी त्याच्या माळ्यावरच्या दिवसांतही पाहिला नव्हता. त्याने मूठ उघडली.

"गवसला, चैते. हा तुझाच ना?"

त्याच्या हातात एक काळा धोंडा होता. असले धोंडे त्या नदीच्या पात्रात पायलीचे पन्नास. ना रंग, ना ठिपका, ना वळी. चैतीचा प्रत्येक दगड माझ्या झोळीत येऊन गेला होता, हा कधीही आला नव्हता. मला जे कळले ते तिला कळले नसेल असे होणारच नाही. तिने दगड घेतला, उलटा केला, सुलटा केला. मग बापाच्या ओरबाडलेल्या हाताकडे पाहिले.

"हा बा," ती म्हणाली. "माझाच हाय."

आणि तो तिने माझ्या झोळीत ठेवला.

पांढरा दगड पुढे कधीही सापडला नाही. लग्न होऊन चैती मोखाड्याकडे सासरी गेली तेव्हा बाकीचे दगड माघ्याला देऊन गेली. मला आणि काळ्या धोंड्याला मात्र बरोबर आणले. मी आता कुणाला वळवत नाही, कडाकाही निघत नाही. पण झोळी उसवली तरी तो मी पडू दिलेला नाही. हात लावून पाहा, आत आहे.

मित्रांनो, मला काढून तेलपाणी करा असे मी म्हणणार नाही. म्हातारी दोरी आहे, चालायचेच. एवढेच सांगते. उद्या तुमच्या घरातला एखादा मोठा माणूस तुमच्यासाठी गुडघे टेकून शोधेल आणि मोठ्या आनंदाने चुकीची वस्तू घेऊन येईल. तेव्हा हसू नका. तुमचीच आहे म्हणा, आणि जपून ठेवा.